मान्यता आणि हरकत : पुण्याच्या मंडईचा नागरी इतिहास

१

नगरसंस्थेच्या सभेपुढे येणाऱ्या कामांत दोन प्रकारचे ठराव वारंवार आढळतात. पहिला प्रकार जागेसंबंधीचा. शहरातील अमुक भूमीचा वापर कशासाठी व्हावा, तेथे बाजार भरावा की शाळा उभी राहावी, आणि पूर्वी ठरलेला वापर बदलून मागणाऱ्याची विनंती मान्य करावी की नाही, हे प्रश्न त्यात येतात. दुसरा प्रकार सन्मानाचा. मानपत्र कोणास द्यावे, पुतळा कोणाचा उभारावा, रस्त्यास अथवा वास्तूस कोणाचे नाव द्यावे, याचा निर्णय त्यात होतो. पहिल्या प्रकारास अभ्यासक कारभाराचा मुख्य भाग मानतात, तर दुसऱ्यास केवळ उपचार समजून बाजूस ठेवतात. नगरशासनाच्या इतिहासावरील लेखनात कर, पाणी, गटारे आणि रस्ते यांस जेवढी पाने मिळतात, त्याच्या शतांशानेही मानपत्रांस मिळत नाहीत.

मराठी भाषेने मात्र ही विभागणी इतकी काटेकोरपणे केलेली नाही. नगररचनेच्या आराखड्यास शासन देते ती ‘मान्यता’, आणि एखाद्या व्यक्तीच्या अथवा समाजाच्या कार्यास लोक देतात तीही ‘मान्यताच’. ‘मानपत्र’ आणि ‘मान्य’ हे शब्द एकाच धातूच्या कुळातले होत. एका ठिकाणी मान्यता म्हणजे अनुज्ञा, दुसऱ्या ठिकाणी मान्यता म्हणजे आदर. परंतु दोन्ही ठिकाणी एका समूहाने दुसऱ्याचा हक्क ओळखणे हीच क्रिया घडत असते. शब्दार्थाचे हे साम्य केवळ योगायोगाचे आहे की कारभारातही त्यास काही आधार सापडतो, हे पाहण्यास पुण्याच्या मंडईइतके सोयीचे उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल. एकाच वास्तूच्या निमित्ताने येथे जागेचा प्रश्न, पैशाचा प्रश्न आणि सन्मानाचा प्रश्न अर्धशतकाच्या अवधीत एकमेकांत गुंतलेले दिसतात.

२

पुण्यात नगरपालिकेची स्थापना १८५० च्या २६ व्या कायद्यान्वये १८५७-५८ च्या सुमारास झाली. आरंभीची नगरपालिका लोकनियुक्त नव्हती. सरकारने नेमलेले सभासद व अधिकारी यांच्या हाती तिचा कारभार असे. स्थानिक स्वराज्याविषयीचा लॉर्ड रिपन यांचा प्रसिद्ध ठराव १८८२ सालचा. त्यानंतर मुंबई प्रांताच्या १८८४ च्या कायद्याने निवडणुकीच्या तत्त्वास अधिक वाव मिळाला. म्हणजे ज्या काळात मंडईचा प्रश्न नगरपालिकेपुढे आला, तो काळ नियुक्त सभासदांच्या सभेचाच होता. सभासदत्व हेच तेथे सरकारी मान्यतेचे चिन्ह होते. अशा सभेत सरकारास अप्रिय मत देणे हे आपणास मिळालेल्या मानाशी प्रतारणा केल्यासारखे वाटण्याचा संभव होता, हे पुढील घटनांचा अर्थ लावताना ध्यानात ठेवावयास हवे.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. सत्यशोधक समाजाची स्थापना त्यापूर्वीच, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, झालेली होती. जोतीरावांचा व्यवसाय ठेकेदारीचा होता आणि मांजरी येथे त्यांची शेतीही होती. त्यांचे घराणे फुलांच्या व्यवसायातले, आणि ज्या माळी समाजात त्यांचा जन्म झाला त्याचा बागायतीशी व भाजीबाजाराशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध. बांधकामाचा खर्च कसा वाढतो हे ठेकेदार या नात्याने त्यांना ठाऊक होते, तसेच शेतमाल शहरात आणून विकणाऱ्याची स्थितीही ठाऊक होती. मंडईच्या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार असलेला याहून अधिक योग्य सभासद त्या सभेत शोधूनही सापडला नसता.

त्या वेळी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील मोकळ्या पटांगणात भरत असे. वाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झालेला. त्याच्या तटबंदीसमोरची राजसत्तेची जागा बाजाराने व्यापली होती. ही जागा कोणी ठरावाने बाजारास दिली असे म्हणण्यापेक्षा वापराने ती बाजाराची झाली असे म्हणणे अधिक युक्त होईल. उघड्यावरचा हा बाजार बंद करून शुक्रवार पेठेत छपराखालची, ओट्यांची, स्वच्छतेच्या नियमांत बसणारी प्रशस्त मंडई बांधावी, अशी योजना नगरपालिकेपुढे आली. खर्चाचा अंदाज सुमारे ३ लाख रुपयांच्या घरातला होता. त्या काळच्या नगरपालिकेच्या ऐपतीचा विचार करता ही रक्कम लहान नव्हती.

जोतीरावांनी या योजनेस विरोध केला. त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत हरी रावजी चिपळूणकर यांचे नाव येते. विरोधाचा आशय असा, की लाखो रुपये इमारतीत घालण्यापेक्षा तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा. स्वच्छतेस किंवा सोयीस त्यांची हरकत होती असे समजण्याचे कारण नाही. त्यांचा आक्षेप क्रमासंबंधीचा होता. ज्या शहरात बहुजनांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मिळत नाही, त्या शहराने प्रथम कोणत्या गोष्टीवर खर्च करावा, हा त्यांचा प्रश्न होता. १८८२ मध्येच हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले त्यातही हाच क्रमाचा विचार मुख्य आहे : उच्च शिक्षणावरील खर्चाआधी सामान्यांच्या प्राथमिक शिक्षणाची तजवीज व्हावी. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्यावरील करांच्या ओझ्याची जी चर्चा आहे, तीही याच विचाराची दुसरी बाजू होय. आयोगापुढील निवेदन, ग्रंथ आणि नगरपालिकेतील मत ही तिन्ही एकत्र वाचली म्हणजे मंडईस केलेला विरोध हा एखाद्या तऱ्हेवाईक सभासदाचा हट्ट नव्हता, हे स्पष्ट होते.

योजना मंजूर झाली. अष्टकोनी मध्यभाग, त्यावर उंच मनोरा आणि त्यापासून फुटलेल्या ओट्यांच्या शाखा अशी गॉथिक धाटणीची ती वास्तू १८८६ मध्ये खुली झाली. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले. लॉर्ड रे १८८५ साली पदावर आले होते, म्हणजे योजनेच्या मूळ विचारविनिमयाशी त्यांचा संबंध नव्हता. अधिकारारूढ व्यक्तीचे नाव नव्या वास्तूस देण्याचा त्या काळचा रिवाज होता आणि तो येथे पाळला गेला, एवढाच त्या नावाचा अर्थ.

३

सन्मानाच्या ठरावांविषयी जोतीरावांनी घेतलेली भूमिका मंडईच्या विरोधाशी ताडून पाहण्याजोगी आहे. त्यांच्या सभासदत्वाच्या काळात व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे-भेटीचा प्रसंग आला, तेव्हा स्वागत व मानपत्र यांसाठी १,००० रुपये खर्च करण्याची सूचना नगरपालिकेत मांडली गेली. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे जोतीरावांचे मत पडले, आणि ठरावाच्या विरुद्ध मत देणारे ते एकटेच सभासद ठरले.

३ लाखांची इमारत आणि १,००० रुपयांचे मानपत्र यांत रकमेच्या दृष्टीने तुलनाच संभवत नाही. तरीही दोन्ही वेळी जोतीरावांचा युक्तिवाद शब्दशः एकच आहे, ही गोष्ट महत्त्वाची. नगरपालिकेचा पैसा करदात्यांचा. करदात्यांत बहुसंख्य कष्टकरी. म्हणून खर्चाची कसोटी त्यांचे हित. या कसोटीपुढे उपयुक्त काम आणि शोभेचे काम असा भेद त्यांनी केला नाही. जागेचा ठराव आणि सन्मानाचा ठराव एकाच तागडीत तोलणारा हा पहिला पुणेकर सभासद म्हणता येईल काय, हे निश्चयाने सांगणे अवघड असले, तरी इतक्या स्पष्टपणे तोलणारा दुसरा सभासद त्या काळात दिसत नाही.

स्वतः जोतीरावांस जो सन्मान मिळाला तो कोणत्याही नगरसंस्थेच्या ठरावाने मिळालेला नव्हता. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथील कोळीवाड्याच्या सभागृहात भरलेल्या सभेत विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर यांनी त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. या पदवीमागे ना कायदा होता, ना अर्थसंकल्पातील तरतूद. लोकांनी दिलेली मान्यता ठरावाच्या मान्यतेहून अधिक टिकाऊ ठरू शकते, याचा हा नमुना. पुढे नगरपालिकेस जेव्हा त्यांचे नाव घ्यावे लागले, तेव्हा ते या लोकदत्त पदवीसकटच घ्यावे लागले.

४

विसाव्या शतकात सन्मानाच्या ठरावांचा रोख पालटला. १८९५ मध्ये लोकमान्य टिळक पुणे नगरपालिकेचे सभासद झाले होते, आणि शतकाच्या पहिल्या वर्षांत गोपाळ कृष्ण गोखले तिचे अध्यक्ष होते. राष्ट्रीय पुढारी नगरपालिकेत येऊ लागल्यावर मानपत्र हे परकीय सत्तेच्या स्वागताचे साधन न राहता राष्ट्रीय भावनेच्या प्रकटीकरणाचे साधन बनले. ज्या रे मार्केटला गव्हर्नरचे नाव होते, त्याच्याच आवारात १९२४ मध्ये लोकमान्यांचा पुतळा उभा राहिला व मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. २५ जून १९३४ रोजी महात्मा गांधी नगरपालिकेचे मानपत्र स्वीकारण्यास येत असता त्यांच्या मोटारीच्या समजुतीने दुसऱ्याच मोटारीवर बाँब फेकला गेला. मानपत्राचा समारंभ केवळ उपचार असता, तर त्याच्या वाटेवर बाँब पडता ना.

परंतु परकीयांच्या सन्मानाऐवजी स्वकीयांचा सन्मान होऊ लागला म्हणजे प्रश्न मिटला असे नव्हे. ‘स्वकीय’ या शब्दात कोणाचा समावेश होतो, हा नवा प्रश्न उभा राहिला. टिळकांच्या पुतळ्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १९२५ मध्ये, जोतीराव फुले यांचा पुतळा उभारण्याची सूचना ब्राह्मणेतर पक्षाच्या वतीने नगरपालिकेत पुढे आली. केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर हे या बाजूचे तरुण पुढारी होते. सूचना फेटाळली गेली. फुले यांच्यावर झालेल्या टीकेस उत्तर म्हणून ‘देशाचे दुश्मन’ ही पुस्तिका त्याच वर्षी निघाली. तिच्यातील भाषा इतकी जळजळीत होती, की प्रकरण न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने शिक्षा ठोठावली. १९२६ मध्ये अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आरोपींची बाजू मांडली आणि आरोपी निर्दोष सुटले.

या प्रकरणाचे वर्णन ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाचा एक प्रसंग असे नेहमी केले जाते, आणि ते चुकीचे नाही. तथापि नगरशासनाच्या अभ्यासकास त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. सन्मानाचा ठराव बहुमताने ठरतो. परंतु ज्या समूहास सभेत बहुमत नाही, त्यास आपल्या पूर्वजांची मान्यता मागण्यास दुसरी जागा कोणती? मतांची मोजणी झाली की सभेचे काम संपते. सभेबाहेर मात्र प्रश्न संपत नाही. तो पुस्तिकेत जातो, रस्त्यावर जातो, न्यायालयात जातो. १९२५ च्या ठरावाचा खरा इतिहास नगरपालिकेच्या इतिवृत्ताबाहेर घडला.

पुढे आचार्य प्र. के. अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नाव बदलून ‘महात्मा फुले मंडई’ असे करण्यात आले. ज्या इमारतीच्या खर्चास जोतीरावांनी विरोध केला होता, तिलाच त्यांचे नाव लागले. अत्रे यांना जोतीरावांविषयी वाटणारा आदर प्रासंगिक नव्हता. १९५४ च्या ‘महात्मा फुले’ या त्यांच्या चित्रपटाने तो पुन्हा सिद्ध झाला. नामांतरामागील भावना प्रामाणिक होती यात शंका नाही. १९२५ च्या नकाराची ती भरपाई होती, आणि बागाईतदार व भाजीविक्रेते यांच्या वास्तूस त्यांच्याच समाजातून आलेल्या महापुरुषाचे नाव मिळाले यात औचित्यही होते.

तथापि येथे एक सूक्ष्म हानीही झाली. नाव पाटीवर आले आणि हरकत दृष्टीआड झाली. मंडईकडे पाहणाऱ्या सामान्य नागरिकाचा असा समज होणे स्वाभाविक आहे, की ती जोतीरावांच्या प्रेरणेने उभी राहिली असावी. सन्मानाने व्यक्तीची स्मृती राखली, परंतु तिचे मत झाकले. ही हानी टाळण्याचे साधन एकच, ते म्हणजे ठरावाबरोबर विरोधी मताची नोंदही वाचणे.

५

‘हरकत’ हा शब्द या संदर्भात विचारार्ह आहे. अरबीत त्याचा मूळ अर्थ हालचाल असा. मराठीत तो अडथळा, आक्षेप या अर्थाने स्थिरावला. नगररचनेच्या कायद्याने त्यास पारिभाषिक स्थान दिले. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने शहराच्या वाढत्या भागासाठी योजना आखून भूखंडांची फेररचना करण्याची पद्धत घातली. १९५४ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर संपूर्ण हद्दीचा विकास आराखडा करण्याची जबाबदारी टाकली. त्यानंतरचा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. दरम्यान १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुण्यात महानगरपालिका स्थापन होऊन बाबूराव सणस पहिले महापौर झाले होते. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराने नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त केल्यावर तर जागेच्या वापराचा विचार टाळणे अशक्यच झाले. पुण्याचा विकास आराखडा १९६६ मध्ये मंजूर झाला. जुन्या हद्दीसाठी सुधारित आराखडे १९८७ व २०१७ मध्ये मंजूर झाले.

या कायद्यांनी घडविलेला महत्त्वाचा फरक असा, की जागेच्या ठरावास आता केवळ सभेचे बहुमत पुरत नाही. मंजूर आराखड्यातील एखाद्या जमिनीचा वापर बदलावयाचा असल्यास १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ३७ प्रमाणे सूचना प्रसिद्ध करावी लागते, हरकती व सूचना मागवाव्या लागतात, संबंधितांस सुनावणी द्यावी लागते, आणि त्यानंतर प्रस्ताव शासनाच्या मान्यतेस जातो. भाजी मंडई, शाळा, क्रीडांगण अशा सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जमिनीस ‘आरक्षण’ म्हणतात. मराठीत हाच शब्द सामाजिक न्यायासाठी राखलेल्या जागांसही लागतो, आणि दोन्ही अर्थांचे मूळ एकच आहे : जे बाजारभावाच्या अथवा बहुमताच्या जोरावर मिळणार नाही, ते नियमाने राखून ठेवणे. हरकतीची ही तरतूद जोतीरावांच्या काळी असती, तर मंडई बांधली गेली नसती असे नव्हे. परंतु शनिवारवाड्यापुढे बसणाऱ्या भाजीविक्रेत्यांचे म्हणणे ऐकून घेणे नगरपालिकेस भाग पडले असते.

सन्मानाच्या ठरावास अशी संरक्षक चौकट लाभली नाही. नाव देण्याचे काम बव्हंशी सभेच्या मर्जीवर राहिले. डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने घेतला. पूर्वीची नावे त्या वस्त्यांतील लोकांनी स्वतः मागून घेतलेली नव्हती. ती त्यांच्यावर लादली गेली होती. नाव हे मान्यतेचे जसे साधन, तसेच अवमानाचेही, याची ही उशिरा दिलेली कबुलीच होय.

नावांचा भाषिक इतिहास ठरावांच्या इतिहासाहून वेगळ्या वाटेने जातो, हेही नोंदविले पाहिजे. भांबुर्डे या गावाचे शिवाजीनगर झाले. लोकव्यवहारात जुने नाव मागे पडले, पण नगर भूमापनाच्या दप्तरात ते टिकून राहिले. मंडईच्या बाबतीत उलट घडले. ‘रे मार्केट’ गेले, ‘महात्मा फुले मंडई’ आले, परंतु पुणेकराच्या तोंडी दोन्ही काळांत ‘मंडई’ हाच शब्द राहिला. घाऊक बाजार पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, तरी ‘मंडई’ म्हटले की शुक्रवार पेठेतील तीच वास्तू डोळ्यांपुढे येते. लोकांनी ना गव्हर्नरचे नाव उचलले, ना महात्म्याचे. त्यांनी जागेस तिच्या कामावरून ओळखले.

६

या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात मांडता येईल. जागेचा ठराव आणि सन्मानाचा ठराव हे दोन्ही एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत. सार्वजनिक पैशावर, सार्वजनिक भूमीवर आणि सार्वजनिक स्मृतीवर कोणाचा हक्क मानावयाचा, हा तो प्रश्न. ‘मान्यता’ या शब्दाने दोन्ही अर्थ एकत्र धरले, यात भाषेने कारभाराचे मर्म ओळखले असेच म्हणावे लागते.

दुसरा निष्कर्ष अभ्यासपद्धतीचा आहे. ठराव हा विजयी बाजूचा दस्तऐवज असतो. १,००० रुपयांच्या मानपत्राचा ठराव मंजूर झाला एवढेच वाचणाऱ्यास एक निरुपद्रवी समारंभ दिसतो. विरुद्ध पडलेले एक मत वाचणाऱ्यास त्या काळच्या पुण्यातील वर्गसंबंधांचे चित्र दिसते. म्हणून नगरसंस्थांच्या इतिवृत्तांचा अभ्यास करताना फेटाळलेल्या सूचना, उपसूचना आणि अल्पमताच्या नोंदी यांस मंजूर ठरावांइतकेच स्थान मिळाले पाहिजे.

यातच आजच्या काळाविषयीचा एक विचार अनुस्यूत आहे. मार्च २०२२ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या लोकनियुक्त सभेची मुदत संपल्यावर काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या अवधीत सभेचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे एकवटले होते. ठराव होत राहिले, कामेही झाली. परंतु अशा ठरावांत विरुद्ध मत संभवतच नाही. १८७६ ची नगरपालिका लोकनियुक्त नव्हती, तरी तिच्यात जोतीरावांचे एक विरुद्ध मत पडू शकले, आणि ते आज उपलब्ध आहे. ज्या काळाच्या दप्तरात एकही विरुद्ध मत नाही, त्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्यास शहराचे मन शोधण्यासाठी इतरत्र जावे लागेल. मंडईच्या पाटीवरील नाव वाचताना त्या नावाच्या धन्याने दिलेले विरुद्ध मतही आठवावे, एवढी अपेक्षा त्या नावाविषयी आदर बाळगणाऱ्यांकडून करण्यास हरकत नसावी.